दीडपट, पण कशाच्या? संशोधन लोकांपर्यंत नेऊ पाहणाऱ्या नवख्यांसाठी बातमीदाराच्या वहीतून

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी परभणीत एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात बातमीदार होतो. मे महिना होता, खरिपाची तयारी सुरू होती आणि एका नव्या वाणाची बातमी हाती आली. संशोधकांशी फोनवर दहा मिनिटं बोललो. 'दीडपट उत्पादन' हे दोन शब्द वहीत उतरवले, डेस्कनं, म्हणजे ऑफिसातल्या उपसंपादकांनी, त्याचाच मथळा केला, चार कॉलम बातमी लागली. दिवाळी झाल्यावर एक शेतकरी ते कात्रण खिशात घेऊन ऑफिसात आले. कागदाला चार घड्या पडल्या होत्या आणि घड्यांवरची अक्षरं पुसली होती. ते भांडले नाहीत. खुर्चीवर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "साहेब, हे दीडपट लिहिलंय ते कशाच्या दीडपट?"

मला सांगता आलं नाही. संशोधकांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं: प्रक्षेत्रावर, ठिबकवर, शिफारशीप्रमाणे खतं देऊन, शेजारच्या जुन्या वाणाच्या तुलनेत. समोर बसलेल्या माणसाचं रान कोरडवाहू आणि बरड होतं. शोधनिबंधात हे सगळं लिहिलेलं होतं, आमच्या दहा मिनिटांत ते आलंच नाही. मी विचारलं नाही, त्यांनी आपणहून सांगितलं नाही आणि मधल्या मध्ये एका माणसाचा हंगाम गेला.

हा लेख त्या दहा मिनिटांबद्दल आहे. पीएच.डी. करणारी मुलंमुली, कृषी विज्ञान केंद्रातले विषय विशेषज्ञ, कॉलेजात शिकवता शिकवता संशोधन करणारे प्राध्यापक, ज्यांना आपलं काम लोकांपुढे मांडायचंय पण सुरुवात कुठून करावी कळत नाही, त्यांच्यासाठी. गेली काही वर्षं मी अशा मंडळींबरोबर बसतो आणि त्यांच्या शोधनिबंधांतून बातम्या काढतो. प्रत्येक वेळी एक गोष्ट पाहतो: बातमीदाराचे प्रश्न संशोधकाला आधीच ठाऊक असले, तर तो आपलं काम नुसतं सोपं करून सांगत नाही, ते जास्त नेमकं सांगतो.

याचं कारण साधं आहे. तुमच्या गाईडला विषय येतो. व्हायवाला येणारे बाहेरचे परीक्षकही त्याच वाटेनं गेलेले असतात. बातमीदार हा पहिला वाचक, ज्याला तुमचा विषय येत नाही आणि तरी संध्याकाळपर्यंत तो समजून घेऊन हजारो लोकांना सांगायचा असतो. तो जिथे अडखळतो तिथे वाचकही अडखळणार.

पहिली पायरी: शेवट आधी सांगा

शोधनिबंध कसा चालतो? आधी प्रस्तावना, मग आजवर कोणी काय केलं, मग पद्धती, मग निष्कर्ष. बातमी बरोबर उलटी चालते. सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या वाक्यात, त्याखाली आधार, त्याखाली तपशील. यामागचं कारण अगदी व्यवहारी आहे: रात्री पान लावताना जाहिरात आली की उपसंपादक बातमी खालून कापतो. तुमचा निष्कर्ष जर सहाव्या परिच्छेदात असेल, तर छापून येईल ती फक्त प्रस्तावना.

म्हणून बसा आणि एक वाक्य लिहा. एकच. त्या वाक्याला एसटीत शेजारी बसलेल्या माणसाचा प्रश्न विचारा: "बरं मग? आमचं काय?" उत्तर मिळत नसेल तर वाक्य पुन्हा लिहा.

एक उदाहरण घेऊ. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर काम करून 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला, २०१८ मध्ये. शास्त्रीय भाषेत त्याची ओळख 'जैवसंपृक्त वाण' अशी. हे शब्द ऐकून भाकरी थापणाऱ्या बाईच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. आता असं सांगून बघा: 'नेहमीच्या ज्वारीत किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम लोह असतं, या ज्वारीत ४५ च्या आसपास. जस्त २० च्या जागी ३२. भाकरी तेवढीच, लोह दीडपट.' इथेही दीडपट आहे बघा, पण कशाच्या ते त्याच दमात सांगितलंय. आणि लगेच पुढचं वाक्यही हवं: दाण्यात असलेलं सगळं लोह अंगी लागत नाही, किती लागतं हा वेगळा अभ्यास आहे. हे वाक्य गाळलं की दोन दिवसांनी 'ज्वारी खा, ॲनिमिया घालवा' असा फॉरवर्ड फिरू लागतो आणि त्याखाली तुमचं नाव असतं.

दुसरी पायरी: आकड्याला अंग द्या

मी सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवतो, कारण नुकसान होतं ते इथेच.

प्रत्येक आकड्यापुढे तीन प्रश्न: कशाच्या तुलनेत? कितीतले? कुठे आणि किती काळ? टक्केवारी एकटी कधीच सांगू नका. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल इशारा दिला गेला की त्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. वाक्य खरं होतं. पण दुप्पट म्हणजे ७,००० बायकांमागे १ च्या जागी २. तो खालचा आकडा मथळ्यांत आलाच नाही. घाबरून अनेक बायकांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. संशोधनात चूक नव्हती. सांगण्यात अर्धा आकडा राहून गेला.

आता आपल्याकडचं. '७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका' हा सल्ला दर जूनमध्ये दिला जातो. मिलिमीटर म्हणजे किती, हे शेतकऱ्याला मोजून दाखवणारं यंत्र मंडळाच्या गावी असतं, त्याच्या बांधावर नसतं. मग हिशोब करा. एक एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ४,००० लिटर पाणी. ७५ मिलिमीटर म्हणजे ३ लाख लिटर. १२,००० लिटरचे पंचवीस टँकर, एका एकरात. मराठवाड्यात टँकर काय असतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पंचवीस टँकर म्हटलं की दोन सरींवर चाड्यावर मूठ धरणारा माणूस जरा थांबतो.

हाच हिशोब उलटाही चालतो. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, ५ लाख लिटर. आम्ही सगळ्यांनी ती बातमी केली, फोटो छापले. पण तेवढं पाणी म्हणजे ५० हेक्टर शिवारावर पडलेला फक्त १ मिलिमीटर पाऊस, हे त्या दिवशी एखाद्या जलतज्ज्ञानं सांगितलं असतं तर शिवारात मुरणाऱ्या पाण्याची किंमत त्या एका चौकटीत कळली असती. आकडा तोच. शेजारी काय ठेवलं त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

भूकंपाच्या आकड्यांत तर हमखास घोटाळा होतो. १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत भांडी हलली. लोकांच्या मनात लगेच किल्लारी आली. किल्लारीचा भूकंप ६.२ चा. साडेचार आणि सव्वासहा, ऐकायला जवळजवळच. पण ही मोजपट्टी पायरीपायरीनं चढत नाही, एका अंकाला ऊर्जा सुमारे ३२ पट होते. या हिशोबानं किल्लारीच्या धक्क्यातली ऊर्जा हिंगोलीच्या त्या धक्क्याच्या साधारण साडेतीनशे पट होती. हे वाक्य सकाळी आठ वाजता फोनवर सांगणारा भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक मिळाला, तर त्या दिवशी शेकडो घरांत माणसं जरा शांतपणे जेवतील. आणखी एक सांगून ठेवायचं: किल्लारीचा आकडा कुठे ६.२ दिसतो, कुठे ६.४. मोजायच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या दिवशी 'शास्त्रज्ञांतच एकमत नाही' अशी बातमी होते.

तिसरी पायरी: काय माहीत नाही, ते मोठ्यानं सांगा

नवख्या संशोधकाला वाटतं, अनिश्चितता सांगितली की आपलं वजन कमी होईल. अनुभव उलटा आहे.

इटलीत लाक्विला नावाचं गाव आहे. २००९ च्या सुरुवातीला तिथे महिनोन् महिने लहान धक्के बसत होते. मार्चच्या अखेरीस तज्ज्ञांची बैठक झाली. भूकंपाचं भाकीत करता येत नाही, मोठा धक्का बसणारच नाही असंही म्हणता येत नाही, ही शास्त्राची बाजू. गावापर्यंत पोचलं ते एवढंच, की घाबरण्यासारखं काही नाही. ६ एप्रिलला भूकंप झाला आणि ३०९ माणसं गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि एका अधिकाऱ्याला शिक्षा सुनावली गेली, २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले. कोर्टात काय झालं ते बाजूला ठेवू. दिलासा देण्याच्या घाईत शास्त्राचं अर्धं वाक्य गळालं, हे मात्र आपण लक्षात ठेवायला हवं, कारण आपण किल्लारीचे शेजारी आहोत.

३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, तीन छप्पन्नला जमीन हलली. जवळपास ८,००० माणसं गेली. त्यातली कितीतरी दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि धाब्यांखाली. त्याआधी ऑक्टोबर १९९२ पासून त्या भागात धक्के जाणवत होते. त्या वेळच्या भूकंपधोक्याच्या नकाशात हा प्रदेश सगळ्यात सुरक्षित, पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात किल्लारीचा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. विज्ञान बदललं, कारण पुरावा बदलला. हे लोकांना सांगायला लाजायचं कारण नाही.

वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरात काही वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात. बातम्यांत त्यांना 'गूढ आवाज' म्हणायची सवय लागलीय. उथळ खोलीवरच्या लहान भूकंपांत आवाज ऐकू येतो, ही भूकंपशास्त्रात ओळखीची गोष्ट आहे. अशा वेळी संशोधकानं बातमीदाराला तीन कप्पे करून द्यावेत: हे आम्हाला पक्कं माहीत आहे, हे शक्य आहे पण तपासतोय, हे कुणालाच सांगता येत नाही. तिसऱ्या कप्प्यात 'पुढचा धक्का कधी' हा प्रश्न टाका आणि त्यासोबत घर कसं बांधावं, रात्री धक्का बसला तर काय करावं, ही पहिल्या कप्प्यातली माहिती द्या. गूढ हा शब्द आपोआप गळतो.

याच पायरीवर तुमचं काम कोणत्या टप्प्यावर आहे तेही सांगायचं. प्रयोगशाळेत झालंय की शेतात? एका हंगामाचं की तीन? शोधनिबंध तज्ज्ञांनी तपासून छापलाय की अजून प्रीप्रिंट आहे? कृषी संशोधकांसाठी तर फारच महत्त्वाचं: जॉइंट ॲग्रेस्कोत, म्हणजे राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, मंजूर होईपर्यंत तुमचा निष्कर्ष ही 'शिफारस' नसते. बातमीदाराला हा फरक माहीत असेलच असं धरून चालू नका. "हे प्रयोगाचे निष्कर्ष आहेत, शिफारस नाही, हे वाक्य कृपया ठेवा" असं सरळ म्हणा. मला त्या दिवशी कुणी असं म्हटलं असतं तर मी ठेवलं असतं.

चौथी पायरी: शब्द रानातले घ्या, दृष्टांत जपून द्या

'मृदेतील ओलाव्याचे प्रमाण' असं लिहिणारे आपण आणि 'वापसा आला का' असं विचारणारे ते. मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची ही अवस्था, विज्ञानाला ती सांगायला अख्खं वाक्य लागतं आणि आपल्या आजोबांनी तीन अक्षरांत ठेवलीय. ओल, झड, उघडीप, पावसाचा खंड, मुरमाड, चोपण: हा सगळा शब्दसाठा नेमका आहे. तो वापरला म्हणून तुमचं लेखन गावंढळ होत नाही.

काही शब्द मात्र फसवे. 'लक्षणीय फरक' हा संख्याशास्त्रात एक अर्थ आणि बोलण्यात दुसरा. संशोधक म्हणतो, हा फरक योगायोगानं आलेला नसावा. वाचक समजतो, केवढा मोठा फरक! 'सामान्य पाऊस' हाही असाच. हवामान विभागाच्या हिशोबात जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी असला तरी तो 'सामान्य'च असतो. त्यातही निम्मा पाऊस चार दिवसांत कोसळला आणि मध्ये वीस-पंचवीस दिवसांचा खंड पडला, तर कागदावर सामान्य आणि रानात सोयाबीन करपलेलं. हवामानावर काम करत असाल तर एकूण पावसाबरोबर पावसाचे दिवस आणि खंड सांगायची सवय लावून घ्या.

दृष्टांताचं शास्त्र आपल्या कीर्तनकारांकडून शिकावं. कीर्तनकार अभंग घेतो, दृष्टांत देतो आणि काम झालं की दृष्टांत सोडून अभंगावर परत येतो. आपण बरेचदा दृष्टांतातच राहतो.

औंढा नागनाथचं उदाहरण घ्या. नामदेवांसाठी देवळानं तोंड फिरवल्याची कथा जिथली, त्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा होतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. हे यंत्र कसं सांगाल? गवंड्याच्या गुण्यासारखा काटकोन, प्रत्येक बाजू ४ किलोमीटर लांब. कोपऱ्यातून लेझरचा प्रकाश दोन्हीकडे जातो आणि टोकाच्या आरशांवर आपटून परत येतो. गुरुत्वलहर गेली की एक बाजू किंचित ताणली जाते आणि दुसरी किंचित आखडते. किंचित म्हणजे प्रोटॉनच्या रुंदीचा दहा हजारावा भाग. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या अशा दोन यंत्रांनी पहिल्यांदा ही लहर टिपली. ती दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्यानं उठली होती, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर.

'विहिरीत दगड टाकल्यावर तरंग उठतात तसं' हा दृष्टांत इथे चांगला. पण तो कुठे संपतो तेही सांगा: तरंगाला पाणी लागतं, इथे पाण्यासारखं काहीच नसतं, अवकाशच ताणतं. आणि गावातल्या माणसाचा खरा प्रश्न आधी ओळखा. प्रकल्पात अणुऊर्जा विभाग आहे, त्यामुळे "इथे अणुभट्टी होणार का, किरणं बाहेर पडतील का" हे त्याच्या मनात येणं अगदी साहजिक आहे. त्याला कृष्णविवरं नंतर सांगा. आधी हे सांगा की हे यंत्र बाहेर काही सोडत नाही, ते फक्त कान देऊन ऐकतं, आणि आजूबाजूला जेवढी शांतता तेवढं त्याला चांगलं ऐकू येतं.

पाचवी पायरी: आधी परवानगी

थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. विद्यापीठात किंवा सरकारी संस्थेत असाल तर विभागप्रमुखांना आणि जनसंपर्क अधिकाऱ्यांना कळवून मगच बोला. सहलेखकांना विचारा, विशेषतः गाईडना. पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज आधी, बातमी नंतर. आधी जाहीर झालेली गोष्ट नवी राहत नाही. शोधनिबंध छापायला स्वीकारला गेला असेल तर नियतकालिकाचा एम्बार्गो, म्हणजे अमुक तारखेआधी बातमी छापू नये असा नियम, आहे का ते बघा. असेल तर तारीख आणि वेळ बातमीदाराला पहिल्याच ओळीत सांगा. बातमीदार एम्बार्गो पाळतात, पण त्यांना तो माहीत असायला हवा.

ज्यांच्यावर अभ्यास केला, ते रुग्ण, ती शाळा, ते गाव, यांची ओळख उघड होईल असं काही फोटोतही जाऊ देऊ नका.

सहावी पायरी: प्रेसनोट आणि वेळ

प्रेसनोट एका पानाची. साडेतीनशे शब्द पुरे. वर तुमचं एक वाक्य, मग 'कशाच्या तुलनेत, कुठे, किती काळ', मग तुमच्या तोंडचं एक वाक्य, मग मर्यादा, शेवटी अभ्यासाला पैसा कुणी दिला ते आणि तुमचा फोन. मर्यादा सगळ्यात खाली ठेवू नका, खालून कापतात हे सांगितलंच आहे. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा आणि मेलमध्येच चिकटवा. पीडीएफमधून कॉपी करताना जोडाक्षरं फुटतात आणि संध्याकाळी घाईत असलेला माणूस तुमची नोट बाजूला ठेवतो. फोटो दोन, आडवे, त्यात कुणी तरी काही तरी करताना दिसावं. सत्कार आणि शालीचे फोटो नकोत. खाली कॅप्शनमध्ये डावीकडून नावं.

जिल्ह्याची पानं मुख्य पानापेक्षा लवकर लागतात. दुपारी बाराच्या आत बोललात तर बातमीदाराला विचार करायला वेळ मिळतो, सहानंतर बोललात तर फक्त टाइप करायला. हंगामही बघा. परभणीला विद्यापीठाच्या वर्धापन दिनी, १८ मेला, खरीप मेळावा असतो आणि रब्बीचा मुक्तिसंग्राम दिनाच्या सुमारास, १७ सप्टेंबरला. त्या दिवशी सगळ्यांच्या वह्या भरलेल्या असतात. तुमचं काम पेरणीबद्दल असेल तर आठ-दहा दिवस आधी द्या. वीज पडण्याबद्दल असेल तर वळवाच्या आधी, एप्रिलमध्ये. भूकंपसुरक्षेचं असेल तर ३० सप्टेंबरच्या आधीचा आठवडा. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, संपादक स्वतःहून विज्ञानाचा मजकूर शोधत असतात आणि बहुतेक वेळा त्यांना चित्रकला स्पर्धेच्या बातम्यांशिवाय काही मिळत नाही.

सातवी पायरी: फोन, बाईट आणि आकाशवाणी

बातमीदाराचा फोन आला आणि तयारी नसेल तर "अर्ध्या तासात करतो" म्हणा आणि खरंच करा. बोलताना सगळ्यात आधी ते एक वाक्य. विषयाबाहेरचं विचारलं तर "यावर माझं काम नाही, अमुक विभागात विचारा" हे पूर्ण उत्तर आहे. 'हे छापू नका' असं म्हणून काही सांगू नका. छापायचं नसेल ते बोलायचंच नाही.

"बातमी छापण्याआधी मला दाखवा" ही मागणी बातमीदाराला खटकते आणि बहुतेक जागी ती मान्यही होत नाही. त्याऐवजी म्हणा, "आकडे आणि माझ्या तोंडची वाक्यं तेवढी फोनवर वाचून दाखवता का?" याला मी कधी नाही म्हटलं नाही. मथळा मात्र बातमीदाराच्या हातात नसतो, तो डेस्क करतं. म्हणून नोटेला मथळा तुम्हीच सुचवा, चांगला असेल तर बरेचदा तोच लागतो.

टीव्हीच्या बाईटला वीस सेकंद मिळतात. त्यात दोन वाक्यं बसतात. दुसरं वाक्य मर्यादेचं असू द्या आणि मध्ये श्वास घेऊ नका, म्हणजे ते कापता येत नाही.

रेडिओ मला या सगळ्यांत जवळचा वाटतो. परभणी, नांदेड, बीड, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडे आकाशवाणी केंद्रं आहेत आणि शेतीविषयक कार्यक्रम ऐकणारा श्रोता हातातलं काम न सोडता ऐकतो. त्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही, म्हणून वाक्यं आखूड आणि महत्त्वाचा आकडा दोनदा. पाच मिनिटांना साडेपाचशे-सहाशे शब्द धरा आणि आधी मोठ्यानं वाचून बघा. जिथे जीभ अडते तिथे शब्द बदला. उदाहरणार्थ घरच्या सोयाबीनची उगवण तपासणं: 'शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर रांगेत मांडा, गुंडाळा, सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. आठवडाभरानं उघडा आणि चांगले उगवलेले मोजा. सत्तर किंवा जास्त असतील तर बियाणं पेरणीजोगं. पुन्हा सांगतो, शंभरातले सत्तर.' हाच मजकूर आवाजात रेकॉर्ड करून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. त्यात तारीख आणि संस्थेचं नाव बोलून ठेवा. फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतो, जुना सल्ला नव्या हंगामात पोचू नये.

आठवी पायरी: बातमी लागल्यानंतर

सकाळी पेपर उघडा आणि चूक असेल तर त्याच दिवशी बातमीदाराला फोन करा, त्याच्या संपादकाला नंतर. नेमकं सांगा: तिसऱ्या परिच्छेदात हेक्टरी हवं तिथे एकरी झालंय. वेबसाइटवर तासाभरात दुरुस्ती होते, छापील अंकात दुसऱ्या दिवशी खुलासा येतो. चूक तुमच्या सांगण्यात असेल तर तेही सांगा. एकदा असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्या संशोधकाचा नंबर बातमीदार जन्मभर जपून ठेवतो, पुढच्या भूकंपाला, पुढच्या दुष्काळाला पहिला फोन त्यालाच जातो.

आणि वाचकांचे फोन येतील. खूप येतील, अवेळी येतील. एक वही करा: तारीख, गाव, रान कोरडवाहू की बागायती, विचारलेला प्रश्न जसाच्या तसा. त्या दिवशी आलेल्या शेतकऱ्यांना मी संशोधकांकडे घेऊन गेलो होतो. दोघं दोन तास बोलले. पुढच्या वर्षी त्या संशोधकांनी ठिबकच्या प्लॉटशेजारी एक कोरडवाहू प्लॉट घेतला आणि निष्कर्ष आल्यावर मला फोन केला. बोलायला सुरुवात केली तीच अशी: "लिहून घ्या, कशाच्या तुलनेत ते आधी सांगतो."